अँटीबॉडी कोरोनाच्या काट्याला नेमकी कुठे पकडते? आणि ६० हजारांचं औषध आठ महिन्यांत निकामी कसं झालं?

२४ मे २०२१. दुसरी लाट ओसरायला नुकतीच सुरुवात झाली होती. ऑक्सिजनचा बेड आणि रेमडेसिविरच्या इंजेक्शनसाठी होणारी फोनाफोनी अजून थांबली नव्हती. त्या दिवशी रोश इंडिया आणि मुंबईची सिप्ला या कंपन्यांनी जाहीर केलं की 'अँटीबॉडी कॉकटेल' भारतात दाखल झालं आहे. एका रुग्णाला लागणाऱ्या डोसची किंमत करांसह ५९,७५० रुपये. ऑक्टोबर २०२० मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांना कोरोना झाला तेव्हा त्यांना हेच औषध, बऱ्याच मोठ्या मात्रेत, दिलं गेलं होतं. त्यामुळे औषध भारतात येण्याआधीच त्याचं नाव फॉरवर्ड मेसेजमधून घराघरात पोहोचलं होतं.

बरोबर आठ महिन्यांनी, २४ जानेवारी २०२२ ला, अमेरिकेच्या औषध नियामकाने म्हणजे एफडीएने या औषधाच्या वापरावर मर्यादा आणली. सध्या पसरत असलेल्या विषाणूवर ते चालण्याची शक्यता नाही, म्हणून देशात कुठेही ते देऊ नये, असं त्याचं सार होतं.

औषध खराब झालं नव्हतं. कुपीत तोच पदार्थ होता, तितकाच शुद्ध. बदलला होता तो विषाणू, आणि तोही सगळा नाही. त्याच्या अंगावरच्या काट्याच्या टोकाला असलेले मोजके रेणू बदलले होते. एवढ्याशा बदलाने इतकं महागडं औषध कसं पडलं, हे समजून घ्यायचं तर अँटीबॉडी विषाणूला धरते म्हणजे नेमकं काय करते, तिथपासून सुरुवात करावी लागेल.

काटा म्हणजे काय?

कोरोना विषाणू साधारण १०० नॅनोमीटरचा. त्याच्या अंगावर जे काटे दिसतात ते म्हणजे स्पाइक प्रोटीन. एका विषाणूवर असे सरासरी दोन डझनांच्या आसपास काटे असतात. प्रत्येक काटा तीन एकसारख्या साखळ्या एकमेकींत गुंफून बनतो आणि प्रत्येक साखळीत १,२७३ अमिनो आम्लं असतात. मण्यांच्या माळेसारखं समजा, प्रत्येक मण्याला त्याचा क्रमांक. हे क्रमांक लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

काट्याच्या टोकाला, प्रत्येक साखळीत, साधारण २०० मण्यांचा एक तुकडा असतो. आपल्या पेशीवर एसीई-२ नावाचा एक रिसेप्टर असतो, त्याला हाच तुकडा पकडतो. पकड बसली की विषाणू पेशीत शिरण्याची पुढची साखळी सुरू होते. म्हणजे दाराची किल्ली म्हणायची तर ती हा तुकडा. त्याला आपण इथे 'पकडतुकडा' म्हणू.

गंमत अशी की हा पकडतुकडा सतत उघडा नसतो. तो कधी उठतो, कधी खाली बसतो. उठलेला असेल तरच एसीई-२ ला धरू शकतो. बसलेला असेल तेव्हा त्याचा महत्त्वाचा भाग शेजारच्या दोघांच्या आड झाकलेला राहतो. सापाने फणा काढावा आणि पुन्हा मिटावा, तसं. फणा मिटलेला असताना तो चावू शकत नाही, पण तेव्हा त्याला पकडणंही कठीण.

त्यात भर म्हणजे साखर. संक्रांतीच्या हलव्याला साखरेचाच काटा फुटतो. इथे उलट आहे, काट्यावर साखर आहे. प्रत्येक साखळीवर साखरेचे रेणू जोडले जाऊ शकतील अशा २२ जागा आहेत, म्हणजे पूर्ण काट्यावर ६६. ही साखर विषाणूची स्वतःची नसते, ती आपल्याच पेशीतल्या यंत्रणेने चढवलेली असते. त्यामुळे रोगप्रतिकारशक्तीला तो भाग आपल्यातलाच वाटतो आणि ती तिकडे सहसा काणाडोळा करते.

हे सगळं कळलं ते आश्चर्यकारक वेगाने. विषाणूची जनुकीय माहिती जानेवारी २०२० मध्ये जगासमोर आली आणि फेब्रुवारीत टेक्सास विद्यापीठाच्या जेसन मॅक्लेलन यांच्या गटाने काट्याची अणुपातळीवरची रचना 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध केली. हा वेग नशिबाने आला नव्हता. याच मंडळींनी आधीची कित्येक वर्षं मर्स या दुसऱ्या कोरोना विषाणूच्या काट्यावर घालवली होती. मर्स तोवर जगाच्या बातम्यांतून बाहेर गेला होता, पण तो अभ्यास चालू राहिला म्हणून २०२० मध्ये वेळ वाचला.

बेचकीची दोन टोकं

अँटीबॉडी, मराठीत प्रतिपिंड, ही गलोलीच्या बेचकीसारखी दिसते. खाली एक दांडा, वर दोन हात. दोन्ही हात हुबेहूब सारखे. विषाणूला धरण्याचं काम या हातांच्या टोकांना असलेले वळसे करतात. प्रत्येक हाताला असे सहा वळसे, बोटांसारखे. एका अँटीबॉडीचे वळसे दुसरीपेक्षा वेगळे असतात आणि सगळा फरक तिथेच असतो. उरलेली बेचकी जवळपास सारखीच.

आपल्या शरीरात बी पेशी या वळशांचे असंख्य नमुने आधीपासून तयार ठेवतात, कोणता विषाणू येणार हे माहीत नसताना. विषाणू आला की ज्या पेशीचा नमुना थोडाफार जुळतो ती वाढते. मग लसिका ग्रंथींमध्ये तिच्या वळशांत बारीक बारीक बदल होतात आणि त्यातून ज्यांची पकड अधिक घट्ट, त्या टिकतात. आजारानंतर काही आठवड्यांनी अँटीबॉडीचा दर्जा सुधारतो तो यामुळे.

आता मुख्य प्रश्न. ही पकड म्हणजे काय? डिंकाने चिकटवल्यासारखं काही नसतं. पक्का रासायनिक बंधही तयार होत नाही. असतात त्या अनेक किरकोळ ओढी. कुठे धन भार आणि ऋण भार समोरासमोर येतात. कुठे दोन रेणूंमध्ये एका हायड्रोजनची भागीदारी होते. कुठे पाण्याला टाळणारे दोन भाग एकमेकांना बिलगतात. आणि या सगळ्यासाठी दोन्ही पृष्ठभागांचा आकार एकमेकांत बसावा लागतो, खाचेत उंचवटा.

रानातून चालून आल्यावर कपड्याला कुसळं चिकटतात, ते आठवा. एक कुसळ सहज निघतं. वीस-पंचवीस एकदम चिकटली तर कापड सोडवता सोडवत नाही. अँटीबॉडी आणि काटा यांच्या भेटीच्या जागीही साधारण तितकेच मणी एकमेकांच्या संपर्कात असतात.

पण एक बारकावा आहे आणि पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. या वीस-पंचवीस मण्यांपैकी प्रत्येकाचा वाटा सारखा नसतो. बहुतेक जोर दोन-चार मण्यांवर असतो. बाकीचे साथीला. ते दोन-चार हलले की पकड सुटते.

कुठे धरलं, यावर सगळं

अँटीबॉडी काट्याला चिकटली म्हणजे काम झालं, असा समज सर्वसाधारणपणे असतो. ते खरं नाही. सीआर-३०२२ नावाची एक अँटीबॉडी आहे. २००३ च्या सार्स साथीतून बरे झालेल्या एका रुग्णाकडून ती मिळाली होती. २०२० मध्ये तपासल्यावर ती नव्या कोरोनाच्या पकडतुकड्यालाही चिकटते असं दिसलं आणि अपेक्षा वाढल्या. पण स्क्रिप्स संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी रचना काढून पाहिली, तेव्हा कळलं की ती ज्या जागी चिकटते ती जागा आतल्या बाजूला दडलेली आहे. तीनपैकी निदान दोन फणे उठले आणि थोडे वळले, तरच ती तिथे पोहोचू शकते. प्रयोगशाळेत विषाणूला थोपवण्यात ती फारशी यशस्वी झाली नाही. चिकटणं आणि रोखणं, या दोन वेगळ्या गोष्टी.

कॅल्टेकमधल्या क्रिस्टोफर बार्न्स आणि पामेला ब्यॉर्कमन यांच्या गटाने २०२० मध्ये पकडतुकड्यावर चिकटणाऱ्या अँटीबॉडींचे चार गट पाडले. आज बरीच चर्चा याच वर्गवारीच्या भाषेत होते. पहिला गट थेट एसीई-२ च्या जागेवरच बसतो, पण फक्त फणा उठलेला असताना. माणसाच्या शरीरात या गटातल्या अँटीबॉडी फार सहज तयार होतात. जगाच्या वेगवेगळ्या भागातल्या, एकमेकांशी काही संबंध नसलेल्या रुग्णांत जवळपास सारख्याच सापडल्या. दुसरा गटही एसीई-२ ची वाट अडवतो, मात्र फणा उठलेला असो की बसलेला, त्याला चालतं. तिसरा गट बाजूने धरतो, किल्लीचे दात सोडून किल्लीची दांडी धरावी तसा. चौथा म्हणजे सीआर-३०२२ सारखे, आतल्या दडलेल्या जागेचे.

पहिल्या दोन गटांचं काम कळायला सोपं: किल्लीच्या दातांवरच बसायचं, मग कुलपात जाणार काय? विषाणूला थोपवण्यात त्या सर्वात जोरकस ठरल्या आणि कंपन्यांनी आधी त्याच उचलल्या. इथेच मेख होती.

४८४ नंबरचा मणी

बॅमलॅनिव्हिमॅब हे जरा जड नाव. एली लिली कंपनीची ही अँटीबॉडी अमेरिकेतल्या सुरुवातीच्या एका बऱ्या झालेल्या रुग्णाच्या रक्तातून मिळाली आणि ९ नोव्हेंबर २०२० ला तिला तातडीच्या वापराची परवानगी मिळाली. विषाणूचा शोध लागल्यापासून वर्षाच्या आत औषध, ही मोठीच गोष्ट होती.

तिची पकड काट्यावरच्या ४८४ क्रमांकाच्या मण्यावर बरीच अवलंबून होती. तिथे ग्लुटामिक आम्ल असतं, ऋण भाराचं. अँटीबॉडीच्या वळशात त्याच्यासमोर आर्जिनिन, धन भाराचं. दोघांची ओढ पक्की. मग दक्षिण आफ्रिका आणि ब्राझीलमधल्या विषाणूंत ४८४ ला लायसिन आलं. लायसिनचा भार धन. म्हणजे जिथे ओढ होती तिथे आता ढकलाढकल. पकड सुटली.

महाराष्ट्राला हा क्रमांक वेगळ्या नावाने माहीत आहे. २४ मार्च २०२१ ला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितलं की महाराष्ट्रातल्या नमुन्यांत ४८४ आणि ४५२ या दोन जागी बदल असलेला विषाणू वाढतो आहे. त्यांचं प्रमाण १५ ते २० टक्के नमुन्यांत आढळलं होतं. टीव्हीवर त्याचं 'डबल म्युटंट' झालं. नाव भीतीदायक होतं आणि शास्त्रीय दृष्ट्या निरर्थकही, कारण त्या विषाणूत दोनपेक्षा बरेच जास्त बदल होते. पण ज्या दोन जागांचा उल्लेख होता त्या खरोखर महत्त्वाच्या होत्या. ४५२ चा बदल पुढे डेल्टातही राहिला आणि बॅमलॅनिव्हिमॅब डेल्टापुढेही हतबल ठरली. अमेरिकेत १६ एप्रिल २०२१ ला तिची एकटीने वापरण्याची परवानगी काढून घेण्यात आली. पाच महिने आणि एक आठवडा, इतकंच तिचं आयुष्य.

मग दोन का नाहीत?

हाच विचार कॉकटेलमागे होता. 'कॉकटेल' या शब्दावर तेव्हा विनोद खूप झाले, पण कल्पना साधी आणि जुनी आहे. क्षयरोगात एकाच वेळी अनेक औषधं देतात ती याच कारणासाठी. एका औषधातून निसटायला एक बदल पुरतो. दोन वेगवेगळ्या जागांवरच्या दोन पकडी एकदम सोडवायच्या तर दोन बदल एकाच वेळी हवेत, आणि तशी शक्यता खूप कमी.

रिजेनेरॉनने मानवी जनुकं बसवलेल्या उंदरांपासून आणि बऱ्या झालेल्या रुग्णांपासून मिळालेल्या अँटीबॉडींची चाळणी केली आणि एकमेकींच्या आड न येणाऱ्या दोन निवडल्या. कॅसिरिविमॅब वरून, एसीई-२ च्या जागेवर. इम्डेव्हिमॅब बाजूने. भारतात आलेलं औषध ते हेच, प्रत्येकी ६०० मिलिग्रॅम.

औषध चालतही होतं. डेल्टावर त्याचा प्रभाव टिकून होता. रुग्णालयात दाखल होण्याआधी, सुरुवातीच्या दिवसांत दिलं तर दाखल होण्याचा किंवा मृत्यूचा धोका सुमारे ७० टक्क्यांनी कमी होतो असं चाचणीत दिसलं. ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीने आणखी एक गोष्ट दाखवली. दाखल रुग्णांपैकी ज्यांच्या शरीराने स्वतःच्या अँटीबॉडी तयार केल्या नव्हत्या, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर आलं. ज्यांच्याकडे आधीच अँटीबॉडी होत्या त्यांना मात्र फायदा दिसला नाही. म्हणजे ६० हजार रुपये मोजण्याआधी एक साधी अँटीबॉडी तपासणी करणं शहाणपणाचं होतं. पण त्या मे महिन्यात इतका शांत विचार करायची कोणाची मनःस्थिती होती?

दोन पकडींचा हिशेबही पूर्ण सुरक्षित नव्हता. सिएटलमधल्या फ्रेड हचिन्सन केंद्रात जेसी ब्लूम यांच्या गटाने पकडतुकड्यातला प्रत्येक मणी एकेक करून बदलून पाहिला. ४०६ या जागी एक ठरावीक बदल झाला तर कॉकटेलमधल्या दोन्ही अँटीबॉडींची पकड एकदम सुटते, असं त्यांना आढळलं. हे फेब्रुवारी २०२१ मध्ये 'सायन्स'मध्ये छापूनही आलं. प्रत्यक्षात विषाणूने तो रस्ता घेतला नाही. त्याने दुसराच घेतला.

नोव्हेंबर २०२१ मध्ये ओमायक्रॉन आला. काट्यावर ३० हून अधिक बदल, त्यातले १५ च्या आसपास एकट्या पकडतुकड्यावर. ४१७, ४४०, ४४६, ४८४, ४९३. ही यादी म्हणजे जणू औषधांच्या पकडींचा नकाशाच. वरची पकडही गेली, बाजूचीही गेली. यात विषाणूला हुशारी नाही, मेंदू नाही. करोडो लोकांच्या शरीरात अँटीबॉडी ज्या जागांवर हल्ला करत होत्या, त्याच जागा बदललेले विषाणू टिकले. आणि औषधाच्या अँटीबॉडी मुळात माणसांच्याच होत्या, त्यामुळे त्या बिचाऱ्या त्याच जागांवर बसत होत्या.

एक शंका इथे येते. किल्लीचे दात इतके बदलले तर ती कुलपात बसलीच कशी? त्याचं उत्तर विषाणूच्या जमाखर्चात आहे. ४१७ च्या बदलाने ओमायक्रॉनची एसीई-२ वरची पकड सैल होते. पण ४९८ आणि ५०१ चे बदल ती पुन्हा घट्ट करतात. एका खिशातून गेलं ते दुसऱ्या खिशात आलं.

साखरेलाच धरणारी

सगळ्या अँटीबॉडी मात्र एकाच वेळी पडल्या नाहीत. सोट्रोव्हिमॅब ओमायक्रॉनच्या पहिल्या लाटेत टिकली. तिची जन्मकथा सांगण्यासारखी आहे. २००३ मध्ये सार्स झालेल्या एका व्यक्तीने दहा वर्षांनी, २०१३ मध्ये, रक्त दिलं होतं. त्या रक्तातल्या बी पेशींतून एस-३०९ ही अँटीबॉडी मिळाली आणि २०२० मध्ये ती नव्या कोरोनावरही चालते असं दिसलं. सोट्रोव्हिमॅब हे तिचंच सुधारित रूप.

सतरा वर्षांच्या अंतराने आलेल्या दोन वेगळ्या विषाणूंना एकच अँटीबॉडी धरते, याचा अर्थ ती जिथे धरते ती जागा फारशी बदलत नाही. ती एसीई-२ ची वाट अडवतच नाही. बाजूने, ३४३ क्रमांकाच्या मण्याजवळ धरते, फणा उठलेला असो वा बसलेला. आणि त्या मण्यावर चढलेली साखरही पकडीत घेते. विषाणूने लपण्यासाठी जे पांघरूण घेतलं, तेच हिने मुठीत धरलं. शिवाय बेचकीच्या दांड्याने ती इतर रोगप्रतिकारक पेशींना बोलावून घेते.

तरी तिचीही वेळ आली. ओमायक्रॉनचा बीए-२ हा पुढचा प्रकार पसरला आणि ५ एप्रिल २०२२ पासून अमेरिकेत तिचा वापर थांबवला गेला. ऑस्ट्रेलियात तर हे औषध दिलेल्या काही रुग्णांच्या शरीरातच, उपचार चालू असताना, ३३७ आणि ३४० या जागांवर बदल झालेले विषाणू सापडले. दुबळी प्रतिकारशक्ती, लांबलेला संसर्ग आणि एकच अँटीबॉडी, अशी स्थिती म्हणजे विषाणूला सरावासाठी मैदान आखून दिल्यासारखं आहे.

त्यानंतरची यादी लांबड न लावता सांगता येते. बेबटेलोव्हिमॅब फेब्रुवारी २०२२ मध्ये आली, नोव्हेंबर २०२२ मध्ये गेली. एव्हुशेल्ड ही अ‍ॅस्ट्राझेनेकाची जोडी डिसेंबर २०२१ मध्ये आली, जानेवारी २०२३ मध्ये गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सोट्रोव्हिमॅब आणि रिजेनेरॉनचं कॉकटेल दोन्ही न वापरण्याची ठाम शिफारस केली.

प्लाझ्मा हेच नव्हतं का?

हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. महाराष्ट्रात जून २०२० मध्ये 'प्लॅटिना' नावाने प्लाझ्मा उपचाराचा मोठा प्रकल्प सुरू झाला होता आणि दात्यांसाठी सोशल मीडियावर आवाहनांचा पूर आला होता. प्लाझ्मामध्येही अँटीबॉडीच असतात. पण त्या सरमिसळ असतात: काही काट्यावरच्या, काही विषाणूच्या इतर भागांवरच्या, काही जुन्या गोवर-कांजिण्यांच्या. नेमक्या जागी घट्ट बसणाऱ्या किती, हे दात्यागणिक वेगळं. आयसीएमआरने ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर चाचणी घेतली, त्यात मृत्यू किंवा आजार गंभीर होणं कमी झालं नाही. मे २०२१ मध्ये, कॉकटेल येण्याच्या आठवडाभर आधी, प्लाझ्मा राष्ट्रीय उपचारपद्धतीतून वगळला गेला.

मोनोक्लोनल म्हणजे एकाच पेशीच्या वंशातली. बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तात चमकणारा रंग लावलेलं काट्याचं प्रोटीन आमिष म्हणून सोडायचं, त्याला धरणाऱ्या बी पेशी वेचायच्या, त्यांचं अँटीबॉडीचं जनुक वाचायचं आणि ते हॅमस्टरच्या अंडाशयातून आलेल्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत घालायचं. मग त्या पेशी मोठमोठ्या टाक्यांत वाढवायच्या. लशीत मायक्रोग्रॅममध्ये मोजावं इतकं द्रव्य असतं. इथे एका रुग्णाला १,२०० मिलिग्रॅम लागतं. किमतीचं बरंचसं उत्तर या आकड्यात आहे. आणि लस शरीराला अँटीबॉडी बनवायला शिकवते, हे औषध ती आयती देते. आयतं संपतं. साध्या अँटीबॉडीचं रक्तातलं प्रमाण तीन आठवड्यांच्या आसपास निम्मं होतं.

कुत्र्याच्या चाव्यावर चालतं, कोरोनावर का नाही?

मोनोक्लोनल अँटीबॉडी विषाणूंवर चालतच नाहीत, असा निष्कर्ष मात्र चुकीचा ठरेल. त्याचा पुरावा पुण्यात आहे. सीरम इन्स्टिट्यूटने मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मॅसबायोलॉजिक्ससोबत रेबीजवरची मानवी मोनोक्लोनल अँटीबॉडी विकसित केली. कुत्रा चावल्यावर जखमेत आणि जखमेभोवती देतात ती. आधी यासाठी घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तातून काढलेलं सीरम लागायचं, ज्याचा तुटवडा नेहमीचाच.

रेबीजची अँटीबॉडीसुद्धा विषाणूच्या पृष्ठभागावरच्या प्रोटीनलाच धरते. पकडीचं रसायन तेच. फरक विषाणूच्या जगण्यात आहे. रेबीज माणसाकडून माणसाकडे जवळपास पसरत नाही, त्यामुळे माणसाला दिलेल्या अँटीबॉडीतून निसटलेला विषाणू पुढे जाऊन घराणं स्थापन करत नाही. शिवाय तिने खिंड लढवायची ती लस काम करू लागेपर्यंत, फार तर दोनेक आठवडे. लहान बाळांना आरएसव्ही विषाणूपासून वाचवणारी निर्सेव्हिमॅब हे दुसरं उदाहरण. २०२२-२३ मध्ये युरोप-अमेरिकेत मंजूर झालेली ही अँटीबॉडी अशा जागी धरते, जिथे विषाणू फारसा बदललेला नाही.

कोरोनाबाबत अडचण दुहेरी आहे. जगभर अब्जावधी माणसांत फिरणारा विषाणू, आणि निवडलेल्या जागा नेमक्या त्याच जिथे सगळ्यांच्या अँटीबॉडी बसतात. म्हणूनच पॅक्सलोव्हिड किंवा रेमडेसिविरसारखी औषधं प्रकार बदलले तरी मोठ्या प्रमाणात टिकली. ती विषाणूच्या आतल्या यंत्रणेवर काम करतात, जिथे अँटीबॉडी पोहोचत नाहीत आणि बदलाचा तसा दबाव नसतो.

काट्याच्या खालच्या भागावर, देठावर, बरेच संशोधन गट काम करत आहेत. तो भाग वेगवेगळ्या कोरोना विषाणूंत बराच सारखा आहे. तिथे धरणाऱ्या अँटीबॉडी एकाहून अधिक विषाणूंना ओळखतात, पण थोपवण्यात कमजोर पडतात. जी जागा बदलत नाही तिथे धरून फारसं बिघडत नाही, आणि जिथे धरल्यावर विषाणू जेरीस येतो ती जागा बदलते. आजवरचा अनुभव बहुतांशी असाच आहे, सोट्रोव्हिमॅबसारखे अपवाद वगळता.

तरीही ही औषधं कोणाला हवीत?

किडनी प्रत्यारोपण झालेले, रक्ताच्या कर्करोगाचे उपचार घेणारे, बी पेशी नष्ट करणारी औषधं चालू असलेले रुग्ण. त्यांना लस दिली तरी शरीर पुरेशा अँटीबॉडी बनवत नाही. बाकीच्यांसाठी कोरोना सर्दी-तापाच्या रांगेत जाऊन बसला असला तरी त्यांच्यासाठी नाही. बाहेरून दिलेली अँटीबॉडी हा त्यांच्यासाठी चैनीचा पर्याय नव्हे.

त्यांच्यासाठी अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये पेमिव्हिबार्टला तातडीच्या वापराची परवानगी मिळाली. शिरेतून ४,५०० मिलिग्रॅम, दर तीन महिन्यांनी. नावाच्या शेवटी 'मॅब' नाही हे लक्षात आलं असेल. अँटीबॉडी इतक्या झाल्या की जागतिक आरोग्य संघटनेला ते शेपूट बंद करून नवी शेपटं ठरवावी लागली. 'बार्ट' म्हणजे रचनेत मुद्दाम फेरफार केलेली.

अ‍ॅस्ट्राझेनेकाची सिपाव्हिबार्ट ही दुसरी. चाचण्या झाल्या, आकडे आले, जानेवारी २०२५ मध्ये युरोपीय संघात मंजुरीही मिळाली. तिची पकड काट्यावरच्या ४५६ क्रमांकाच्या मण्यावर अवलंबून आहे. तिथे फेनिलअ‍ॅलनिन असेल तर ती विषाणूला धरते, ल्युसिन आलं तर धरत नाही. मंजुरीचा कागद निघाला तेव्हा फिरत असलेल्या बहुतेक विषाणूंत त्या जागी ल्युसिन येऊन बसलेलं होतं.